आकाशातल्या घरात पाणी कसे पुरवतात?

मैत्रिणींनो, माठ आणि रांजण यांची निगा कशी राखावी ते या अंकात सांगेन, असे मी कबूल केले होते. ते पुढच्या खेपेला नक्की. मध्येच एक गोष्ट अशी घडली, की ती लिहिल्यावाचून मला राहवेना. आणि तसे पाहिले तर विषय पाण्याचाच आहे.

आमच्या जतला नळाला रोज पाणी येत नाही, हे हे सदर वाचणाऱ्यांना आता पाठ झाले असेल. ज्या दिवशी येते त्या दिवशी भल्या पहाटे येते आणि गल्लीतल्या साऱ्या बायका चहाआधी नळाशी हजर असतात. परवा अशीच पाच वाजता मी पायरीवर बसले होते. शेजारच्या अक्का पिंपे विसळत होत्या. त्यांची धाकटी लेक, यंदा बारावी सायन्सची परीक्षा दिलेली, पाइप धरायला आली होती. ती एकदम ओरडली, "काकू, वर बघा की! त्या टाकीच्या डोक्यावर."

एक ठळक तारा वायव्येकडून चालत येत होता. लुकलुकणे नाही, आवाज नाही, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत. चार-पाच मिनिटांत तो आमच्या डोक्यावरून पुढे सरकला आणि उजाडत्या आभाळात दिसेनासा झाला.

"स्पेस स्टेशन," ती म्हणाली. "आत्ता त्यात माणसं आहेत."

अक्कांनी कमरेवर हात ठेवून वर पाहिले आणि विचारले, "आणि त्यास्नी पाणी कोण सोडतंय गं?"

आम्ही पोट धरून हसलो. पण घरी येऊन चहा ठेवला तेव्हा मनात आले, की इतक्या वर्षांत यानांबद्दल, अग्निबाणांबद्दल मी ढीगभर कात्रणे जमवली, आणि हा साधा बाईमाणसाचा प्रश्न मला एकदाही सुचला नाही. पुढचे चार दिवस दुपारची झोप सोडून मी आणि ती मुलगी त्याच्या मागे लागलो.

ते आकाशातले घर जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर उंचीवर फिरते. जतहून मुंबई जेवढी लांब पडते जवळपास तेवढेच, फक्त सरळ वर. दीड तासात पृथ्वीची एक फेरी, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. (सोळा वेळा सडा-रांगोळी करायची झाली तर आपली कंबरच राहायची नाही.) नोव्हेंबर 2000 पासून हे घर एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. साधारण सातजण राहतात आणि माणशी दिवसाला पाणी लागते सुमारे चार लिटर. पिणे, जेवणात घालणे, दात घासणे, सगळे त्यातच. आपल्याकडे जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर द्यायचे ठरवले आहे. ते पोचतात की नाही हा भाग वेगळा.

एवढी काटकसर कशासाठी, तर पाणी जड असते. शटल यानाच्या काळात एक किलो सामान वर न्यायला पन्नास हजार डॉलरच्या वर खर्च येई. आता पुन्हा वापरता येणारे अग्निबाण निघाल्यामुळे तो तीन हजार डॉलरच्या आत आला आहे. म्हणजे या स्वस्ताईतसुद्धा एक लिटर पाणी दोन लाख रुपयांच्या वर जाते. त्यामुळे तिथे पाणी नुसते जपून वापरत नाहीत, तर एकदा वापरलेले पाणी परत पकडून आणतात. माणसाच्या श्वासातली वाफ, घाम, इतकेच काय, लघवीसुद्धा. वाफ थंड करून तिचे पाणी करायचे, लघवी कमी दाबाखाली तापवून तिची वाफ धरायची, मग ते सारे गाळायचे, शुद्ध करायचे, तपासायचे आणि पुन्हा प्यायला घ्यायचे. तरीही खाली थोडा दाट, खारट भाग उरत असे आणि तो वाया जाई. त्यातलेही पाणी काढायचे यंत्र नंतर बसवले. ते यंत्र त्या खारट पाण्यावरून कोरडी, ऊन हवा सोडते आणि उडालेली वाफ धरून ठेवते. आपण कुरडया उन्हात घालतो तसलेच काम, फक्त कुरडयांतली वाफ आपण सोडून देतो. 2023 मध्ये जाहीर झाले, की शंभरातले 98 भाग पाणी अशा रीतीने परत मिळू लागले आहे.

हे मी अक्कांना सांगितले तेव्हा त्यांनी आधी पदर नाकाला लावला. मग गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "शंभरातलं अठ्ठ्याण्णव? माझ्या सासूला सांगायला पाहिजे होतं. ती असली बाई होती."

माझ्याही सासूबाई तशाच होत्या. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी त्या सांगत, त्यात एका घागरीला चार जन्म असत. तांदळा-डाळीचे धुवण भाजीला, भाजी धुतलेले पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, ते निवळून दारच्या झाडाला. आपण आता नळवाल्या झालो आणि हे विसरलो. आजच्या घरात याला आणखी एक भर घाला. पाणी शुद्ध करायचे आरओ यंत्र घरात असेल तर त्याच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी मोरीत जाते, ते बहुतेक वेळा गाळलेल्या पाण्याहून जास्त असते. ती नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते छान चालते, मात्र झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार फार असतात. टँकरचे पाणी असेल तर तुरटीचा खडा त्यात दोनचारदा फिरवून रात्रभर निवळू द्या, वरचे पाणी गाळून घ्या आणि प्यायचे तेवढे उकळा.

आता आकाशातल्या घरातले कपडे. ते धुतच नाहीत! घालायचे, मळले की आणखी थोडे घालायचे, आणि मग कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरून द्यायचे. ते यान खाली येताना वातावरणात जळून जाते. आपल्या जुन्या साड्यांची गोधडी होते, तिथल्या बनियनची राख होते. साबण बनवणाऱ्या टाइडवाल्यांनी 2021 मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेशी करार करून अंतराळात कपडे कसे धुवावेत यावर काम सुरू केले. कारण चंद्रावर किंवा मंगळावर राहायला जायचे तर दर महिन्याला नवे कपडे कोण पाठवणार? अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणे, आणि केसांना न धुता पुसून काढायचा शाम्पू.

सुनीता विल्यम्स यांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. जून 2024 मध्ये आठेक दिवसांसाठी त्या गेल्या आणि यानात बिघाड निघाल्यामुळे मार्च 2025 मध्ये, 286 दिवसांनी परतल्या. आठ दिवसांचा पाहुणा नऊ महिने राहिला तर आपल्या डब्यांची काय अवस्था होईल, विचार करा! पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. निघायच्या आधी तिथला लघवी शुद्ध करायच्या यंत्राचा पंप बिघडला होता. नवा पंप न्यायला जागा हवी म्हणून सुनीताबाई आणि त्यांच्या सोबत्याच्या कपड्यांच्या बॅगा खाली ठेवल्या गेल्या. नेसूचे राहिले तरी चालेल, पण पाणी थांबता कामा नये. टँकर आला की हातातले काम टाकून धावणारी बाई हे दुसऱ्या कोणाकडून समजून घेणार नाही.

जेवणाकडे वळते. तुम्ही म्हणाल, आमची कडक भाकरी काय वाईट? महिना महिना टिकते, शेंगाचटणीबरोबर प्रवासाला उत्तम. मलाही तसेच वाटले होते. पण ती तिथे चालायची नाही. तिचा चुरा होतो, आणि तिथे चुरा खाली पडत नाही, तो तरंगत राहतो आणि नाकात, डोळ्यांत, नाहीतर यंत्रात जातो. म्हणून पाव तिथे बाद झाला आणि 1985 मध्ये एका मेक्सिकन अंतराळवीराने त्यांच्याकडची टॉर्टिया नेली, ती आजतागायत टिकली. टॉर्टिया म्हणजे काय, तर मऊ पोळीच. मीठ-मिरीसुद्धा पातळ करून बाटलीत भरतात. शिवाय अंगातले पाणी डोक्याकडे चढून नाक चोंदल्यासारखे होते, चव लागत नाही, आणि सगळे तिखट मागू लागतात. तेव्हा भाकरी राहिली तरी आपला ठेचा आशेवर राहायला हरकत नाही.

आपल्या माणसांच्या आकाशातल्या जेवणाचे माहेर म्हैसूर. तिथली संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा खरे तर सैन्यासाठी टिकाऊ अन्न बनवते. 1984 मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा त्यांच्याबरोबरचे भारतीय पदार्थ याच प्रयोगशाळेने तयार केले होते. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला त्या स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले भारतीय झाले. त्यांच्या डब्यात गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता, आणि तो त्यांनी इतर देशांच्या मंडळींना वाटून खाल्ला. त्यांनी तिथे मूग आणि मेथीला मोडही आणले. हा प्रयोग आपल्या सीमेपलीकडच्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्या आयआयटीचा. वजनच नसलेल्या जागी मोड कसा येतो आणि त्यातला कस तोच राहतो का, हे पाहायचे होते. फडक्यात मटकी बांधून आपण कधी कोणाला अहवाल दिला नाही, ही आपली चूक.

हाडांचे एक सांगून टाकते, कारण चाळिशी ओलांडलेल्या सगळ्या जणींना ते लागू आहे. शरीराचे वजन हाडांवर पडले नाही की हाडे झिजतात. तिथे महिन्याला एक ते दीड टक्का. म्हणून रोज दोन तास व्यायाम सक्तीचा. आपल्याला वजन आहे, पण आपण खुर्चीवरून उठत नाही. नाचणी-तीळ खा आणि चालायला जा.

आता या घरांचा पुढचा हिशेब. सध्याचे स्थानक 2030 च्या सुमारास बंद करून समुद्रात उतरवायचे ठरले आहे आणि त्याच्या जागी खाजगी कंपन्या आपापली घरे बांधत आहेत. भाडेकरू ठेवतात तसे देश आणि श्रीमंत माणसे त्यात राहायला जातील. डेनिस टिटो नावाच्या अमेरिकन माणसाने 2001 मध्येच दोन कोटी डॉलर मोजून अशी सहल केली होती. मला विचाराल तर या सहलींचे मला कौतुक नाही. ज्याला काशीला जायला वेळ नाही त्याने आकाशात जाऊन काय पाहायचे! पण भारत 2035 पर्यंत स्वतःचे स्थानक उभारायचे म्हणतो आणि 2040 पर्यंत चंद्रावर माणूस उतरवायचे म्हणतो, तेव्हा हे आपल्या घरापर्यंत येणार.

आणि तिथल्या बाजारात पहिली विक्रीची वस्तू कोणती असेल, ठाऊक आहे? सोने नाही, हिरे नाहीत. पाणी. आपल्या चांद्रयान-1 ने 2008 मध्ये उड्डाण केले आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरच्या उपकरणांनी चंद्रावर पाण्याचा पुरावा असल्याचे जाहीर झाले. चंद्राच्या ध्रुवांजवळ सावलीतल्या खड्ड्यांत बर्फ असावा, आणि 2023 मध्ये चांद्रयान-3 उतरले तेही दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. ते पाणी पिता येईल, त्याचे घटक वेगळे केले की श्वासाला प्राणवायू आणि यानाला इंधन मिळेल. मग प्रश्न येतो, ते पाणी कोणाचे? 1967 चा जागतिक करार म्हणतो, की चंद्र कोणत्याही देशाच्या मालकीचा नाही. अमेरिकेचा 2015 चा कायदा म्हणतो, की जो खणून काढील त्याचे ते.

हे वाचले आणि मला आमच्या तालुक्याची आठवण झाली. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी तालुक्याच्या काही भागात आले, पण पूर्वेकडच्या गावांनी किती वर्षे वाट पाहिली! पाण्यापायी इथल्या काही गावांनी 2012 मध्ये कर्नाटकात जायचा ठराव केला होता आणि 2022 मध्ये त्यावरून पुन्हा दोन राज्यांत वाद पेटला. पाणी कोणाचे, हे ठरवायला माणसे चंद्रावर निघाली आहेत, पण त्यांनी आधी एकदा जतला येऊन जावे असे मला वाटते.

अक्कांना मात्र याहून साधा राग आला. शुक्लांच्या त्या मोहिमेला सरकारने सुमारे 550 कोटी रुपये मोजले, हे लेकीने सांगताच त्या म्हणाल्या, "एका माणसाच्या तिकिटाला? तेवढ्यात आमच्याकडं किती नळ आले असते?"

याला मी पटकन उत्तर देऊ शकले नाही आणि अजूनही पुरते देऊ शकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहांच्या चित्रांवरून जमिनीखालच्या पाण्याचे नकाशे केले आहेत, विहीर कुठे घ्यावी, बंधारा कुठे घालावा ते त्यावरून ठरवता येते, हे मी त्यांना सांगितले. वादळाची सूचना, पावसाचा अंदाज सांगितला. म्हैसूरच्या प्रयोगशाळेचे तंत्र घेऊन एमटीआरसारख्या कंपन्यांनी नुसती गरम करून खायची पाकिटे काढली, हेही सांगितले. अन्न बनवताना कोणत्या पायरीला धोका आहे ते आधीच ओळखून तिथेच काळजी घ्यायची, ही जी पद्धत आज कारखान्यांत आहे, ती नासाच्या अंतराळवीरांच्या जेवणासाठी 1960 च्या दशकात सुरू झाली. तीच आता भाकऱ्या विकणाऱ्या बचत गटांना शिकवतात. अक्कांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "नकाशा झाला, पाइप कुठाय?" त्यांचेही बरोबर आहे.

पण त्यांचा राग 550 कोटींवर नव्हताच, हे मला नंतर कळले. मुलीला हेच शिकायचे आहे. घरात आठ दिवस त्यावरून धुसफुस चालली होती. तिच्या आजीने पाटल्या लग्नासाठी ठेवल्या आहेत. वडिलांचे म्हणणे, बी. ए. कर, इथेच आहे कॉलेज. आणि अक्कांच्या मनात वेगळीच भीती. त्या मला एकटीला विचारू लागल्या, "ती कल्पना चावला, तिची आई होती का हो तेव्हा?"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरात असाच प्रश्न असेल, म्हणून अक्कांना जे सांगितले ते तुम्हांलाही सांगते. 1 फेब्रुवारी 2003 ला कल्पना आणि तिचे सहा सोबती गेले, ते खरे, आणि या कामात धोका आहे हेही खरे. पण आकाशात जाणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची हजारो जमिनीवरच काम करतात आणि संध्याकाळी घरी येतात. चांद्रयान-2 च्या कामात मुथय्या वनिता आणि रितू करिधाल होत्या, चांद्रयान-3 च्या उपप्रमुख कल्पना कालहस्ती, सूर्याकडे गेलेल्या आदित्य यानाच्या प्रमुख निगार शाजी. बायका नसल्या की काय होते त्याचा एक किस्सा ऐका. सॅली राइड ही पहिली अमेरिकन स्त्री 1983 मध्ये निघाली, तेव्हा हुशार हुशार इंजिनिअरांनी तिला विचारले, की आठवड्याभराला पाळीसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील का? त्या खोलीत एखादी बाई असती तर हा प्रश्न आलाच नसता. आणि पाणी पुरवायची यंत्रे आखणाऱ्या खोलीत जतची एखादी मुलगी असेल तर मला तरी बरे वाटेल.

त्यासाठी एकदम विमानविद्येचे महागडे कॉलेज शोधायला नको. इस्रो मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरचे इंजिनिअर घेते. ते शिकायला आपल्या सांगलीत 1947 पासूनचे वालचंद कॉलेज आहे, प्रवेश सीईटीच्या गुणांवर. जेईई अॅडव्हान्स्डला चांगले गुण असतील तर तिरुवनंतपुरमला 2007 मध्ये सुरू झालेली अंतराळ विज्ञानाची खास संस्था आहे. आणि पैशांचे म्हणाल तर ही गोष्ट फार जणींना ठाऊक नाही. महाराष्ट्र सरकारने जुलै 2024 मध्ये आदेश काढला, की ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी संपूर्ण माफ. सरकारी प्रवेशफेरीतून प्रवेश घ्यावा लागतो. राहण्या-जेवणाचा खर्च आपलाच. तेव्हा उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्तापासून काढून ठेवा. प्रवेशाच्या गर्दीत दाखल्यासाठी खेटे घालताना माझ्या भाचीचे काय हाल झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अक्कांनी हे सारे ऐकले. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पिंपावर झाकण ठेवले, वर फडके बांधले आणि घरात गेल्या.

काल मात्र दुपारी पिशवी घेऊन निघालेल्या दिसल्या. मी विचारले, "कुठं, एवढ्या उन्हात?"

"सोनाराकडं," त्या म्हणाल्या. "आत्यांच्या पाटल्या हाईत. मोडायला नाही हो, नुसतं वजन करून आणते."